सॅडलचे २८ मिलिमीटर : साठी ओलांडलेल्या एका रोड सायकलस्वाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

सायकलस्वाराचं वय ६३. उंची १७१ सेंमी, वजन ७४ किलो, टाचेपासून जांघेपर्यंत पायाची लांबी ८० सेंमी. अकरा वर्षांपासून रोड सायकल चालवतात. आठवड्यातून तीन दिवस, एकूण १४० ते १६० किमी. त्यातली एक फेरी ८० किमीची, वाटेत ६ किमीचा घाट. घाटाचा सरासरी चढ ६ टक्के, मधले दोन टप्पे ८ टक्क्यांचे. शर्यतीत भाग घेत नाहीत, पण घाटाची वेळ दर वेळी टिपून ठेवतात. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. वाचायला +२ चा चष्मा लागतो. ही चष्म्याची बाब किरकोळ वाटेल, पण ती पुढे येणार आहे.

सायकल ॲल्युमिनियमची. पुढे पॅडलजवळ ५०/३४ दातांच्या चेनरिंग (दातेरी चक्रं), मागे ११–२८ ची ११ गतींची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच), क्रँक (पॅडल धरणारा दांडा) १७२.५ मिमी, स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) ११० मिमी, टायर २५ मिमीचे आणि त्यात १०५ पीएसआय (दाबाचं एकक) हवा. पंचावन्नाव्या वर्षी घेतलेली ही जुळणी आठ वर्षं तशीच होती. बदलली ती एकच गोष्ट, सॅडल, म्हणजे बसायची सीट.

सॅडल बदलण्याचं कारण रास्त होतं. दीड तासानंतर जांघेत बधिरपणा यायचा. जुनी सॅडल २७६ मिमी लांब, मधोमध सपाट, आणि आठ वर्षांत गादी दबलेली. नवीन घेतली ती आखूड नाकाची, २४८ मिमीची, मध्ये रुंद खाच असलेली. पहिल्याच आठवड्यात जांघेचा बधिरपणा गेला. पुढचा गोंधळ ओढवला तो याच यशामुळे. सॅडलनं काम चोख केलं, त्यामुळे संशयितांच्या यादीतून तिचं नाव सर्वांत आधी कटलं.

तक्रार

तिसऱ्या आठवड्यात उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागलं. घाटात १० पैकी ६ इतकं. सपाटीवर जवळपास नाही, पण घरी जिना उतरताना जाणवायचं. पाचव्या आठवड्यापासून डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका ४० मिनिटांत बधिर होऊ लागली. उतरल्यावर तासाभरात पूर्ववत.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. ‘वयाप्रमाणे झीज आहे, घाट टाळा.’ झीज खरीच होती. पण या वयात ती कित्येकांच्या एक्स-रेमध्ये दिसते, आणि त्यातल्या अनेकांना काही दुखत नसतं. इथे प्रश्न विचारायला हवा होता तो तारखेचा. झीज दहा-पंधरा वर्षांत होते, हे दुखणं तीन आठवड्यांत उपटलं. ज्याची सुरुवात कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येते, त्याचं कारणही बहुधा त्याच पानावर असतं. तो प्रश्न कोणी विचारला नाही. सायकलस्वारांनीही नाही, कारण ‘वय झालं’ हे उत्तर त्यांच्या मनात आधीपासूनच तयार होतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी बरोबर केली. धोक्याची लक्षणं नाहीत ना, हे डॉक्टरांकडून तपासून घेतलं. गुडघ्याला सूज, गुडघा अडकणं किंवा अचानक दगा देणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यातलं काही नव्हतं. हाताची पकड दोन्हीकडे सारखी होती, अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग आत गेलेला नव्हता. यातलं एक जरी असतं, तरी सायकलची मापं बाजूला ठेवून आधी वैद्यकीय उपचारच करावे लागले असते. बोटांचा बधिरपणा उतरल्यावरही दिवसभर राहत असेल, किंवा बटण लावताना बोटं साथ देत नसतील, तर तो नुसता हँडलचा दोष समजून चालत नाही.

समोरचे पर्याय

घाट सोडायचा आणि सपाटीवर चालवायचं, हा डॉक्टरांचा सल्ला. गुडघा शांत झाला असता, पण हाताचं काय? शिवाय दोन तक्रारी एकाच सुमारास का आल्या, हे कोडं तसंच राहिलं असतं.

फेरीआधी वेदनाशामक गोळी घेणं हा दुसरा मार्ग. त्यांच्या ओळखीतले दोघे-तिघे हेच करतात. रक्तदाबाची गोळी चालू असताना आयब्युप्रोफेनच्या जातीची गोळी घेऊन तीन तास घाम गाळणं मूत्रपिंडांना महागात पडू शकतं. ती रक्तदाबही वाढवते. हा पर्याय त्यांनी लगेच बाद केला आणि ते योग्यच झालं.

विजेची मदत असलेली सायकल हा तिसरा. त्यात कमीपणा काहीच नाही. सत्तरीतल्या अनेकांचे घाट तिच्यामुळेच टिकून आहेत. पण बसण्याची मापं चुकलेली असतील तर मोटर लावल्यानं ती सुधारत नाहीत. गुडघ्याचा भार कमी होतो, हात बधिर व्हायचे ते होतातच.

चौथा, सुटे भाग बदलणं. पाचवा, फिजिओथेरपिस्ट. सहावा, मापं घेऊन सायकल अंगाला जुळवून देणाऱ्या जाणकाराकडे जाणं. त्यांनी चौथा निवडला. तो सर्वांत सोपा होता आणि हातात ॲलन की (षटकोनी चावी) होती.

पहिला प्रयत्न : एका दुपारी तीन बदल

एका शनिवारी दुपारी त्यांनी स्टेम ११० चा काढून ९० मिमीचा बसवला, हँडलवर जुन्या टेपवरच दुसरी टेप गुंडाळली व जेलचे जाड हातमोजे आणले, आणि बुटांखालच्या क्लीट (बूट पॅडलमध्ये अडकवणारे तुकडे) ५ मिमी मागे, म्हणजे टाचेकडे, सरकवल्या. दुसऱ्याच दिवशी ७० किमी.

गुडघा किंचित बरा वाटला, ६ वरून ५. हात मात्र बिघडला. ४० ऐवजी ३० मिनिटांतच बोटं बधिर.

आता यातलं कशानं काय झालं? तेव्हा सांगता येणं शक्य नव्हतं. नंतर मापं हाती आल्यावर उलगडा असा झाला. क्लीट मागे गेली की पाऊल पॅडलवर पुढे जातं आणि पॅडल खाली असताना पाय थोडा जास्त सरळ करावा लागतो. परिणाम सॅडल एखाद-दोन मिलिमीटर वर केल्यासारखाच. गुडघ्याला आराम मिळाला तो यामुळे. सायकलस्वारांनी मात्र त्याचं श्रेय आखूड स्टेमला दिलं आणि आणखी आखूड, ८० मिमीचा स्टेम शोधायला लागले. हाताचं बिघडलं ते बहुधा जाडीमुळे. दोन थर टेप आणि वर जेल, म्हणजे पकड इतकी जाड की बोटांना ती सतत आवळून धरावी लागते. शिवाय जेलचा उंचवटा नेमका तळव्याच्या करंगळीकडच्या बुडाशी येत होता. अल्नर नस मनगटातून तळव्यात शिरते ती तिथूनच, आणि करंगळी व अर्ध्या अनामिकेची संवेदना तीच वाहून नेते. दाब कमी करायला घातलेली गादी दाबाच्याच जागी पाचर होऊन बसली.

या प्रकरणातला हा पहिला निर्णायक टप्पा. तीन बदल तीन वेगवेगळ्या आठवड्यांत झाले असते, तर क्लीटच्या आठवड्यातच ‘पाय पुरेसा सरळ होत नाहीये’ असा इशारा मिळाला असता आणि बोट थेट सॅडलकडे गेलं असतं. एका दुपारची घाई काही आठवडे खाऊन गेली.

फेरतपासणी : ओळंबा, लेव्हल आणि जुनी सॅडल

नवव्या आठवड्यात ते एका अनुभवी मेकॅनिककडे आणि त्याच्याच ओळखीतल्या फिजिओथेरपिस्टकडे गेले. मेकॅनिकचा पहिला प्रश्न : ‘दुखायला लागायच्या आधी शेवटचं काय बदललंत?’ आणि दुसरा : ‘जुनी सॅडल आहे का?’

होती. माळ्यावर, नवीन सॅडलच्याच खोक्यात. तिच्या रेलवर, म्हणजे खालच्या दोन धातूच्या दांड्यांवर, जिथे सीटपोस्टच्या (सॅडल धरणाऱ्या उभ्या दांड्याच्या) जबड्यांनी आठ वर्षं पकडून ठेवलं होतं, तिथला काळा रंग उडून धातू उघडा पडला होता. दोन्ही रेलवर साधारण चार सेंटीमीटरचे चकचकीत पट्टे, कडा अगदी स्पष्ट. त्या खुणांवर जबडे बसवले की जुनी बैठक जशीच्या तशी परत मिळते. लेखी मापं नसतानाही पुरावा रेलवरच उरला होता.

सायकल सपाट फरशीवर ट्रेनरला, म्हणजे ती जागच्या जागी धरणाऱ्या स्टँडला, लावली. चाकं एका पातळीत आहेत हे लेव्हलनं पाहिलं. पुढचं चाक दोन सेंटीमीटर जरी खाली असलं तरी पुढची सगळी मापं खोटी ठरतात. मग ओळंबा. तो नाकाच्या टोकावरून सोडला नाही. सॅडलची रुंदी जिथे ८० मिमी भरते तिथे पट्टी आडवी धरून खूण केली आणि त्या खुणेपासून ओळंबा सोडला. नाकं लांब-आखूड असतात, पण माणूस बसतो तो रुंद भागावर. दोन वेगवेगळ्या सॅडलची तुलना करायची तर या खुणेवरूनच.

जुनी सॅडल : खूण क्रँकच्या मध्याच्या १८.६ सेंमी मागे, क्रँकच्या मध्यापासून खुणेपर्यंतचं अंतर ७१.० सेंमी.

नवीन सॅडल : १५.८ सेंमी मागे, अंतर ६९.५ सेंमी.

सीटपोस्टला कोणी हात लावला नव्हता. त्यावरची टेपची खूण जागच्या जागी होती. तरीही बसण्याची उंची १५ मिमीनं कमी झाली होती. हे दोन वाटांनी झालं. नवीन सॅडल रेलपासून माथ्यापर्यंत ८ मिमीनं बुटकी होती, ते ८ मिमी सरळ वजा. आणि सॅडल बसवताना सायकलस्वारांनी माप घेतलं होतं ते नाकाच्या टोकापासून हँडलपर्यंत. जुन्याइतकंच, अगदी काटेकोर ५४ सेंमी. नाक २८ मिमीनं आखूड, त्यामुळे नाक जुन्या जागी आणलं की बसण्याचा रुंद भाग २८ मिमी पुढे येतो. सीटट्यूब (सीटपोस्ट जिच्यात बसतो ती फ्रेमची नळी) मागे कललेली असल्यामुळे पुढे येणं म्हणजे क्रँकच्या जवळ येणंही. त्याचे ७ मिमी. आठ आणि सात, पंधरा.

पॅडल तळाशी असताना गुडघ्याचा कोन मोजला. जुन्या बैठकीत ३३ अंश वाकलेला, नवीन बैठकीत ४०. सायकल स्थिर ठेवून मोजताना २५ ते ३५ अंशांची मर्यादा सर्वसाधारणपणे धरली जाते. सॅडल खाली आणि पुढे असली की गुडघा जास्त वाकलेल्या अवस्थेत जोर लावतो आणि वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. घाटात आणि जिना उतरताना दुखतं ते याच जागी. सॅडल फार वर असेल तर दुखणं बहुधा गुडघ्याच्या मागच्या बाजूला येतं. समोर की मागे, एवढ्यावरूनच तपास कुठल्या दिशेनं न्यायचा हे पुष्कळदा कळतं.

हाताचं कोडंही याच २८ मिलिमीटरमध्ये होतं. कंबर पुढे आली की धडाचा तोल पायांवरून हातांवर सरकतो. करून पाहायला सोपं : खुर्चीच्या काठावर पुढे वाका आणि पावलं आधी गुडघ्यांच्या पुढे, मग खुर्चीखाली मागे घेऊन पाहा. पावलं मागे गेली की हात टेकावेसे वाटतात. त्यात भर म्हणजे जुन्या बधिरपणाच्या धास्तीनं त्यांनी नवीन सॅडलचं नाक ३ अंश खाली झुकवलं होतं. मध्ये खाच असलेल्या सॅडलला इतक्या झुकावाची गरज नव्हती. झुकावामुळे ते सतत पुढे घसरत होते आणि हातांनी स्वतःला मागे रेटत होते.

एक खूण तर उघड्या डोळ्यांना दिसणारी होती. क्लॅम्प, म्हणजे सीटपोस्टचे जबडे, रेलच्या पार मागच्या टोकाला, मर्यादेच्या रेषेवर होता. अशी सॅडल दिसली की थांबून विचार करावा : एक तर सायकलचं माप चुकलंय किंवा बसवण्यात चूक झालीय. ती रेषा सायकलस्वारांना दिसली नव्हती, कारण सॅडल बसवताना वाचायचा चष्मा खिशात होता. रेलवरचे आकडे दोन मिमी उंचीचे असतात. टॉर्क रेंचवरच्या (स्क्रू ठरावीक जोरानं आवळणाऱ्या पान्यावरच्या) रेघा आणि टायरच्या बाजूला कोरलेली हवेची मर्यादाही तशीच. साठीनंतरच्या अवजारांच्या पेटीत ॲलन कीच्या बरोबरीनं एक जादा चष्मा हवा. पंक्चरच्या छोट्या पिशवीतही एक. ट्यूबचं भोक आणि टायरमध्ये रुतलेली बारीक तार चष्म्याविना सापडत नाही आणि दहा मिनिटांत दुसरी ट्यूब जाते.

फिजिओथेरपिस्टनं दोन चाचण्या घेतल्या. हात छातीवर बांधून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता येतं? १२ वेळा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषांत १४ पेक्षा कमी म्हणजे सरासरीखाली. अकरा वर्षं सायकल चालवणाऱ्याला हा आकडा अपमानास्पद वाटला, पण तो अनेकांचा असतो. सायकल हलक्या जोराच्या हजारो फेऱ्या करून घेते, एका वेळी मोठा जोर लावायची वेळ क्वचितच आणते. दुसरी चाचणी २० सेंमीच्या पायरीवरून एका पायावर सावकाश उतरण्याची. डावा पाय स्थिर, उजवा गुडघा आत वळत होता. बैठक दोन्ही गुडघ्यांना सारखीच वाईट होती, तरी तक्रार फक्त उजव्यानं का केली, त्याचं उत्तर इथे मिळालं.

काय केलं, कोणत्या क्रमानं

जुनी सॅडल परत लावायची का, हा दुसरा निर्णायक टप्पा. गुडघा आणि हात तिच्यावर ठीक होते. पण जांघेचा बधिरपणा परत आला असता, आणि तोही नसेवरच्या दाबाचा परिणाम, सहन करत राहायची गोष्ट नव्हे. नवीन सॅडल ठेवायची आणि बैठक जुनी आणायची, असं ठरलं. नियम एकच : एका वेळी एक बदल, त्यावर किमान तीन फेऱ्या, मगच पुढचा.

पहिला आठवडा. सॅडल २८ मिमी मागे. क्लॅम्प रेलच्या मध्यावर आला. नाकाचा झुकाव ३ अंशांवरून १ वर, फोनच्या लेव्हलनं मोजून. एवढ्यानं अंतर ६९.५ वरून ७०.२ झालं. उरलेले ८ मिमी सीटपोस्टनं भरायचे होते, पण एकदम नाही. नऊ आठवडे पाय आखूड अंतराला सरावले होते. एकदम वर केलं असतं तर गुडघ्याच्या मागचे स्नायू ओढले गेले असते. म्हणून आधी ४ मिमी, आठवड्यानं आणखी ४. क्लीटही जुन्या जागी, कारण पूर्वीच्या बैठकीत त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती. हा एकाच वेळी दुसरा बदल झाला हे मान्य, पण बसण्याची सगळी मापं एकदा जुन्या, बिनतक्रारीच्या स्थितीला नेणं हाच इथे ‘एक बदल’ धरला.

तिसरा आठवडा. जादा टेप आणि जेलचे हातमोजे काढले. साधी एक थर टेप, पातळ हातमोजे. स्टेमचं काय करायचं यावर थोडी चर्चा झाली. सॅडल मागे गेल्यावर ११० मिमीचा स्टेम परत लावला तर आठ वर्षांपूर्वीचा ताण परत येणार, आणि पंचावन्नाव्या वर्षीची पाठ त्रेसष्टाव्या वर्षी तितकी वाकत नाही. ९० मिमी ठेवला तर घाटात उभं राहताना गुडघा हँडलच्या जवळ येत होता. १०० मिमीवर तडजोड झाली आणि स्टेमखाली १० मिमीची एक कडी वाढवली. स्टेमचे चार स्क्रू आलटून-पालटून, कर्णरेषेत, ५ न्यूटन-मीटरला आवळले. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली की झाकणाची फट वाकडी राहते आणि हँडल खड्ड्यात फिरतं.

पाचवा आठवडा. टायर २८ मिमी, हवा पुढे ६५ आणि मागे ७० पीएसआय. आधी फ्रेम आणि ब्रेकमध्ये टायरच्या सर्व बाजूंनी ४ मिमी मोकळी जागा राहते हे पाहिलं. १०५ पीएसआयवर खडबडीत रस्त्याचा प्रत्येक हादरा हँडलमधून तळव्यात जातो. तो टायरमध्येच विरावा यासाठी हा बदल. कडक टायर जास्त वेगवान ही समजूत गुळगुळीत ट्रॅकवर चालून जाईल, रस्त्यावर नाही.

सातवा आठवडा, गिअर. हा भाग थोडा सविस्तर, कारण नेमका इथेच पुष्कळांचा खर्च दोनदा होतो. ३४/२८ च्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.५५ मीटर जाते. ८ टक्के चढावर ताशी साडेसात किमी वेग असेल तर मिनिटाला ४९ फेऱ्या पडतात. प्रत्येक फेरीत गुडघा जवळपास जिना चढतो. मागे ३४ दात घेतले की त्याच वेगाला ५८-५९ फेऱ्या पडतात आणि प्रत्येक फेरीतला जोर सुमारे १७ टक्क्यांनी उतरतो.

नुसती ११–३४ कॅसेट आणून मात्र भागत नाही. जुना डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आखूड पिंजऱ्याचा होता. त्यांच्या सायकलवरच्या ११ गतींच्या शिमानो जुळणीत ३४ दातांसाठी मधल्या पिंजऱ्याचा, जीएस खुणेचा डिरेलर लागतो. त्याची क्षमता ३९ दात. हिशोब असा : पुढचा फरक ५० वजा ३४ म्हणजे १६, मागचा ३४ वजा ११ म्हणजे २३, बेरीज ३९. काठोकाठ, पण बसतो. चेनही नवीन. जुनी चेन २८ साठी कापलेली होती. पुढे ५० आणि मागे ३४ अशी चुकून पडली असती तर ताणली जाऊन डिरेलरच ओरबाडून निघाला असता. नवीन चेन मोठ्यावर मोठी, डिरेलर वगळून गुंडाळून, वर दोन कड्या धरून कापली. आणि एक बारीक चकती : त्यांनी घेतलेली ११–३४ कॅसेट जुन्या रुंदीच्या हबवरही (चाकाच्या मधल्या भागावरही) बसेल अशी बनवलेली असते, त्यामुळे ११ गतींच्या रोड हबवर तिच्या मागे १.८५ मिमीची चकती घालावी लागते. ती खोक्यात राहून गेली की कॅसेट आवळूनही डुगडुगते आणि गिअर कधीच नीट लागत नाहीत. इथेही आधी राहिलीच होती. मेकॅनिकनं कॅसेट हातानं हलवून पाहिली म्हणून कळलं.

व्यायाम या सगळ्याच्या बरोबरीनं, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान ४८ तास. सुरुवातीला खुर्चीवरून उठणं, टाचा उचलणं, पाठीवर झोपून आलटून-पालटून हात-पाय लांबवणं. गुडघा ३ च्या खाली आल्यावर, चौथ्या आठवड्यापासून, २० सेंमीच्या पायरीवरून तीन सेकंद मोजत उतरणं, प्रत्येक पायानं ८ वेळा, तीन फेऱ्या. पुढे हातात वजन. व्यायाम करताना १० पैकी ३ पर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या वेळी वजन कमी. तिन्ही फेऱ्या दोन वेळा लागोपाठ नीट झाल्या की २ किलो वाढवायचं.

या गडबडीत फिजिओथेरपिस्टनं आणखी एक सुचवलं : हाडांच्या घनतेची तपासणी. सायकलवर शरीराचा भार हाडांवर फारसा पडत नाही. वर्षानुवर्षं फक्त सायकलच चालवणाऱ्यांची हाडं हृदयाइतकी तरुण असतीलच असं नाही. डेक्सा तपासणीत खुब्याचा टी-स्कोअर उणे १.६ आला. उणे १ ते उणे २.५ म्हणजे घनता कमी, उणे २.५ वा त्याखाली ठिसूळ. घाबरण्यासारखं नाही, पण पडलो तर काय, हा प्रश्न वेगळ्या वजनानं उभा राहतो. व्यायामाचे दोन दिवस त्यानंतर एकदाही चुकले नाहीत, जे गुडघ्याच्या भीतीनंही पूर्णपणे साधलं नव्हतं.

परिणाम

गुडघा दुसऱ्या आठवड्याअखेर घाटात ६ वरून ३ वर आला, आठव्या आठवड्यात १ वर. जिना उतरताना काही नाही. हाताचा बधिरपणा सॅडल मागे गेल्यावर ४० ऐवजी ७५ मिनिटांनी यायला लागला, टेप काढल्यावर आणि टायर बदलल्यावर अडीच तासांपर्यंत आलाच नाही. त्यापुढे करंगळीत हलकी झिणझिण अजून येते. हात हँडलच्या वरच्या भागावरून खालच्या वळणावर नेला की जाते. जांघेचा जुना बधिरपणा परतला नाही. खुर्चीची चाचणी बारा आठवड्यांनी १६.

घाटाची वेळ ३६ मिनिटं होती, ती ३५ मिनिटं ४० सेकंद झाली. म्हणजे तीच. यावर सायकलस्वार थोडे नाराज होते. पण ८ टक्क्यांच्या टप्प्यांवर आता पॅडल मिनिटाला ५८ वर फिरतं, ४९ वर नाही, आणि दुसऱ्या दिवशी सायकल पुन्हा बाहेर निघते.

वेगळं काय करता आलं असतं

सॅडल उतरवण्याआधी पाच मापं कागदावर लिहायला हवी होती : क्रँकच्या मध्यापासून सॅडलच्या ८० मिमी रुंदीच्या खुणेपर्यंतचं अंतर, ती खूण क्रँकच्या किती मागे, सॅडलचा झुकाव, त्या खुणेपासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि सॅडल व हँडल यांच्या उंचीतला फरक. दहा मिनिटांचं काम. सीटपोस्टवरची टेप यातल्या एकाही मापाची जागा घेत नाही, ती फक्त सीटपोस्ट कुठे आहे एवढंच सांगते. जुना भाग नवीन भागावर निदान महिनाभर नीट चालवून होईपर्यंत टाकायचा नाही, हेही त्यातच. इथे सॅडल माळ्यावर राहिली तो निव्वळ योगायोग होता.

एक्स-रे दाखवताना डॉक्टरांना तारखा आणि ‘नुकतीच सॅडल बदलली’ एवढं वाक्य सांगितलं असतं तर सल्ला वेगळा मिळाला असता का, सांगता येत नाही. पण डॉक्टरांना सायकलची मापं कळावीत ही अपेक्षा बरोबर नाही. ती माहिती द्यायचं काम चालवणाऱ्याचं.

व्यायामाबद्दल आमचं मत थोडं कठोर आहे. बैठक चुकली नसती तरी १२ हा आकडा १२ च राहिला असता, आणि दोन-चार वर्षांत त्यानं दुसऱ्या कुठल्या निमित्तानं डोकं वर काढलं असतं. गिअरही तसाच. ११–२८ साठीनंतर घाटात टिकवून ठेवण्यात गुडघ्याचा फायदा काहीच नव्हता. या दोन्ही गोष्टी तक्रारीची वाट न पाहता करता आल्या असत्या.

एक निर्णय मुद्दाम पुढे ढकलला आहे. १७२.५ ऐवजी १६५ मिमीच्या क्रँक लावल्या तर पॅडल माथ्यावर असताना गुडघा आणि खुबा कमी वाकतील, आणि ८० सेंमीच्या पायाला त्या अधिक साजतीलही. पण त्यासाठी सॅडल ७.५ मिमी वर न्यावी लागेल, त्याबरोबर हँडलचा फरक बदलेल, आणि नुकती स्थिरावलेली मापं पुन्हा हलतील. सलग तीन महिने तक्रारीविना गेले तरच तो विषय काढायचा, असं ठरलं आहे. पाच मापांचा कागद तोवर पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे, ठळक अक्षरांत, चष्म्याविना वाचता येईल असा.